चित्र सेट-टॉप बॉक्सचं, आवाज बाबांच्या ट्रान्झिस्टरचा: एव्ही रिसीव्हर ८ महिने वापरल्यावर

एव्ही रिसीव्हर म्हणजे सेट-टॉप बॉक्स, टीव्ही आणि स्पीकर सगळे ज्याला जोडतात तो ॲम्प्लिफायरचा डबा. त्यावर सिनेमाला आवाज कसा येतो हे सगळेच लिहितात, आणि तो मस्तच येतो, ५.१ स्पीकर (पाच स्पीकर आणि जड आवाजासाठी एक सबवूफर) नीट लावले की हॉलचं थिएटर होतं, त्यावर अजून काय लिहू. मला लिहायचंय ते रिसीव्हरमधल्या एका सोयीबद्दल जी विकणाऱ्या मुलालाही माहीत नव्हती. एका सोर्सचा आवाज आणि दुसऱ्याच सोर्सचं चित्र, दोन्ही एकत्र लावता येतात. डेनॉन कंपनीच्या रिसीव्हरमध्ये त्याला व्हिडिओ सिलेक्ट म्हणतात, यामाहात व्हिडिओ आउट, रिमोटवरचं ऑप्शन बटण दाबलं की मेनूत सापडतं. बऱ्याच मॉडेलमध्ये आहे म्हणून माझा मॉडेल नंबर देत बसत नाही.

मला हे लागलं बाबांसाठी. रेडिओवर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत ते क्रिकेट शिकले, त्यामुळे टीव्हीवरचे कॉमेंटेटर त्यांना अजिबात चालत नाहीत, म्हणतात अरे हे गप्पा मारतायत, बॉल कुठे पडला ते सांगतच नाहीत. वर्षानुवर्षं आमच्याकडे टीव्ही म्यूट आणि मांडीवर ट्रान्झिस्टर, आणि आता वयामुळे त्यांना त्या छोट्या स्पीकरचा आवाज नीट ऐकू येत नाही.

जोडणी सोपी आहे. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने रिसीव्हरला, रिसीव्हरमधून एक एचडीएमआय टीव्हीला. ट्रान्झिस्टरच्या इअरफोनच्या भोकातून ३.५ एमएमची वायर, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना, त्या रिसीव्हरच्या मागे सीडी लिहिलंय तिथे. इनपुट सीडी लावायचं आणि ऑप्शनमध्ये जाऊन चित्र सेट-टॉपचं निवडायचं, बस. ट्रान्झिस्टरचा आवाज अर्ध्यावर ठेवा, फुल केला तर फाटतो. ॲडॅप्टरवर लावला तेव्हा सतत हम्म्म असा आवाज येत होता, सेल घातले आणि गेला. मीडियम वेव्हवर टीव्हीची खरखर पण पकडत होता म्हणून मी लांब वायर आणून ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवला. आणि डॉल्बी सराउंड मोड लावला की दोन्ही बाजूला सारखाच असलेला आवाज मधल्या सेंटर स्पीकरमधून येतो, म्हणजे बोलणारा थेट स्क्रीनमधून बोलतोय असं वाटतं. पहिल्या दिवशी बाबा उठून टीव्हीजवळ गेले आणि सेंटर स्पीकरवर हात ठेवून उभे राहिले, बराच वेळ.

आता अडचण, आणि ही खरंच मोठी आहे. रेडिओ पुढे असतो. कॉमेंटेटर आऊट म्हणून ओरडतो तेव्हा स्क्रीनवर बॉलर अजून रनअपच्या टोकाला उभा. सिग्नल ३६ हजार किलोमीटर वर सॅटेलाइटला जाऊन परत येतो त्याला जेमतेम पाव सेकंद लागतो, बाकीचे सेकंद जातात ते चित्र कॉम्प्रेस करण्यात आणि उलगडण्यात. रिसीव्हरमध्ये ऑडिओ डीले असतो पण तो ओठ आणि आवाज जुळवण्यापुरता, मिलिसेकंदात, माझ्याकडे जास्तीत जास्त अर्धा सेकंद. इथे त्याचा काहीच उपयोग नाही. मी दोन रविवार त्या सेटिंगशी झटापट केली.

शेवटी जमलं ते उलट्या बाजूने. तीच कॉमेंट्री फोनवर ॲपमधून लावली तर इंटरनेटमुळे ती टीव्हीच्याही मागे पडते, आणि मागे पडलेल्या आवाजासाठी चित्र थांबवता येतं, कारण आमचा बॉक्स रेकॉर्डिंगवाला आहे. स्क्रीनवर बॉलरने बॉल टाकला की पॉज करायचं, कॉमेंटेटर म्हणाला की बॉल टाकला, की प्ले. दोन-तीन बॉलमध्ये जुळतं. नेट अडखळलं की परत जुळवावं लागतं, ते काम आता नातू करतो. ट्रान्झिस्टरची वायर काढून तीच फोनला लावलीय.

दोन गोष्टी आधीच सांगतो. दोन आवाज मिक्स होत नाहीत, म्हणजे टीव्हीवरचा प्रेक्षकांचा कल्ला आणि रेडिओची कॉमेंट्री एकत्र मिळणार नाही, पण रेडिओच्या मागे स्टेडियमचा आवाज असतोच त्यामुळे आम्हाला काही वाटलं नाही. दुसरं, मॅच टीव्हीच्या आतल्या ॲपवर बघत असाल तर ते चित्र रिसीव्हरमधून जातच नाही, मग निवडणार काय, उलट एचडीएमआय कंट्रोल (टीव्ही आणि रिसीव्हर एकमेकांना वायरमधून हुकूम देतात ती सोय) चालू असेल तर रिसीव्हर आपोआप टीव्हीच्या आवाजावर उडी मारतो. तो कंट्रोल बंद ठेवा.

सकाळी हेच सेटिंग आई वापरते, टीव्हीवर पंढरपूरचं लाइव्ह दर्शन आणि आवाज तिच्या एलपीवरच्या अभंगांचा. इथे काहीच जुळवायचं नसतं. फक्त टर्नटेबल फोनो लिहिलेल्या जागीच लावा, सीडीला लावलात तर अगदी बारीक आवाज येतो, आणि फोनो नसेल तर वेगळा प्रीॲम्प, म्हणजे टर्नटेबलचा बारीक आवाज वाढवणारा छोटा डबा, घ्यावा लागेल.

पैसे वसूल, आमच्या घरात तरी. घ्यायला जाल तेव्हा दुकानात सिनेमाचा डेमो ऐकून निघू नका, सीडी इनपुट लावून ऑप्शनमध्ये दुसऱ्या सोर्सचं चित्र आणून दाखवा असं सांगा, आणि त्यांना नाही जमलं तर मॅन्युअल मागून तिथेच शोधा.