चिकनचा ब्रेस्ट घ्यायचा का लेग पीस? कमी फॅटवाल्यांसाठी

डाएट म्हटलं की सगळे डोळे झाकून बोनलेस ब्रेस्ट आणतात, आणि आकड्यात बघितलं तर बरोबरच आहे, स्किन काढून शिजवलेल्या १०० ग्रॅम ब्रेस्टमधे फॅट साधारण साडेतीन ग्रॅम, प्रोटीन ३० च्या आसपास. लेगमधे तेच फॅट ८ ग्रॅमच्या आसपास जातं, प्रोटीन थोडं कमी. पण ब्रेस्टचा प्रॉब्लेम असा की दोन-चार मिनिटं जास्त झाली की नुसता चोथा होतो, मग तो घशाखाली उतरवायला लोक वरून मेयोनीज ओततात, म्हणजे झालंच कल्याण! त्यापेक्षा घट्ट दही, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ लावून अर्धा तास ठेवा, जाड भाग सुरीने आडवा चिरून सारख्या जाडीचा करा आणि नॉनस्टिक तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. मधोमध कापल्यावर गुलाबी दिसलं तर अजून ठेवा (थर्मामीटर असेल तर आत ७४ डिग्री).

लेग मात्र रश्शाचा राजा, हाडामुळे चव उतरते आणि जास्त शिजला तरी रुसत नाही. फक्त दुकानदाराला स्किन काढूनच द्यायला सांगा, घरी मांडीजवळची पिवळी चरबी पण खरवडून टाका. आणि फोडणीला तेल एक चमचा, कारण मोठ्या चमचाभर तेलात १३-१४ ग्रॅम फॅट असतं, म्हणजे ब्रेस्ट-लेगच्या फरकाच्या दुप्पट-तिप्पट!! खोबऱ्याचं वाटण पण जपून, त्याऐवजी भाजलेला कांदा-टोमॅटो वाटा.

मी तरी रोजच्या डब्याला ब्रेस्ट आणि रविवारी लेगचा रस्सा, भाकरीबरोबर.