पावणेतीन वर्षं वाट बघून मिळालेलं क्लास ३७: आठ महिने वापरल्यावर (मुख्यतः पंख्याबद्दल)

लिहायला बसलो कारण काल पार्सल परत आलं, माझं क्लास ३७, म्हणजे ब्रिटिश डिझेल इंजिनाचं मॉडेल, दुरुस्तीला पाठवलेलं. पाच आठवडे दुकानात राहून आलं आणि सोबतच्या चिठ्ठीवर एकच ओळ, 'तपासणीत दोष आढळला नाही'. रुळावर ठेवलं, आवाज चालू केला, छतावरच्या पंख्याचं फंक्शन (रिमोटवरचं बटण) दाबलं. पंखा ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्म. म्हणजे पाच आठवडे माझं इंजिन कुठल्यातरी फळीवर पडून होतं आणि मी इकडे रोज पोस्टमनची वाट बघत होतो.

स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही, ज्यांना हवंय त्यांना पाठ असणार. ओओ मापाचं, साऊंडवालं, २१ पिनचा डिकोडर (हुकूम ऐकून इंजिन चालवणारी चिप), वीज क्षणभर तुटली तरी बंद पडू न देणारं स्टे-अलाइव्ह आतच. लार्ज लोगो निळा रंग, ३७/४ हा उपप्रकार. ओओ म्हणजे गाडी १:७६ ची आणि रूळ मात्र १:८७ च्या मापाचे, १६.५ मिलिमीटर, यावरून इथल्या मंडळींमध्ये पंथ पडलेत. मला त्याचं काही नाही. मला छतावरचा पंखा फिरायला हवा, कारण जाहिरातीत तो फिरत होता आणि मी त्याचे पैसे दिलेत.

हेच इंजिन का, तर २०१६ ला कामासाठी इंग्लंडमध्ये नॉरिचला आलो तेव्हा इथून ग्रेट यार्मथ आणि लोस्टॉफ्टला जाणाऱ्या काही गाड्यांना चक्क क्लास ३७ लागायचं, पुढे एक, मागे एक आणि मध्ये जुने डबे. साठीच्या दशकातली इंजिनं, ३०९ बनली होती, आणि ती २०१९ पर्यंत पॅसेंजर ओढत होती. शनिवारी काही काम नसताना मी यार्मथला जाऊन नुसता वडा-पावच्या जागी चिप्स खाऊन परत यायचो. बाबा कल्याण शेडला होते, त्यामुळे इंजिनाच्या आवाजाचं वेड घरातूनच आहे. मग कळलं की ही बरीचशी इंजिनं व्हल्कन फाउंड्रीत बनलीत, इंग्लिश इलेक्ट्रिकची, आणि आपली डब्ल्यूसीएम-१, जी एकेकाळी डेक्कन क्वीनला लागायची, ती पण त्याच घरातली. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग बरोबर आहे, नाक बघ ना." एवढ्यावर ऑर्डर टाकली.

ऑर्डर टाकली ऑक्टोबर २०२१ ला. २४४ पाउंड ९९ पेन्स, त्यातले ३० पाउंड डिपॉझिट. वायदा: २०२२ च्या शेवटी.

आता पुढचं सगळं दुकानाच्या वेबसाइटवरच्या एका छोट्या चौकटीत घडलं. '२०२२ चौथी तिमाही' होतं ते एक दिवस '२०२३ पहिली तिमाही' झालं. मग 'तिसरी तिमाही'. मग २०२४. ईमेल नाही, काही नाही, नुसता आकडा बदलायचा, तो पण गुपचूप, जणू कोणी रात्री येऊन पाटी बदलून जातंय. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, आम्हाला कळलं की तुम्हाला कळवू. अहो मध्य रेल्वेसुद्धा सांगते हो. डोंबिवलीला फलाटावर उभं असताना निदान ती बाई सांगायची की गाडी वीस मिनिटं उशिराने धावत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, शिव्या घालायला तरी कोणीतरी असायचं.

उशीर का होतो ते मला समजतं, मी काही लहान मूल नाही. आधी कॅड ड्रॉइंग, मग टूलिंग म्हणजे साचे, मग पहिला बिनरंगाचा सॅम्पल, त्यात चुका निघतात, परत साच्यात बदल, मग रंगवलेला सॅम्पल, मग कारखान्यात नंबर लागायचा. कारखाने बहुतेक दक्षिण चीनमध्ये आणि तिथे एकेका कारखान्यात भरपूर ब्रँडची कामं, तुमचा नंबर चुकला की गेली पुढची वारी. त्यात फेब्रुवारीच्या आसपास चिनी नववर्षाला सगळं बंद. आणि हे कोविडमुळे वगैरे म्हणणाऱ्यांना सांगतो, हे रडगाणं जुनं आहे. २००८-०९ च्या सुमारास काडर कंपनीने सांडा कान हा मॉडेल रेल्वे बनवणारा मोठा कारखाना घेतला तेव्हा तिथे काम करून घेणाऱ्या कितीतरी ब्रँडना दुसरीकडे जागा शोधत फिरावं लागलं होतं, आणि ग्राहक तेव्हाही असाच चौकटीतला आकडा बघत बसलेला.

माझ्या वेळी शेवटी तांबड्या समुद्राने पण हात दिला. २०२३ च्या शेवटाला जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंटेनर सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून यायला लागले. हे मला दुकानाने नाही सांगितलं, बातम्या बघून मीच अंदाज बांधला. माझं इंजिन केप ऑफ गुड होपवरून येतंय, वास्को द गामासारखं. बरं, कंटेनर उतरणार फेलिक्सस्टोला, जे माझ्या घरापासून गाडीने दीड तासावर. मी खरंच बायकोला म्हणालो की जाऊन घेऊन येऊ का.

मध्येच जानेवारी २०२४ ला हॅटन्स बंद होणार अशी बातमी आली. लिव्हरपूलला १९४६ मध्ये सुरू झालेलं मॉडेल रेल्वेचं दुकान, ते बंद होऊ शकतं तर बाकीच्यांचं काय. माझी ऑर्डर तिथे नव्हती, पण त्या रात्री मी ३० पाउंडांची पावती शोधून फोनमध्ये फोटो काढून ठेवला. हसू नका. ३० पाउंड म्हणजे आमच्या घरचा आठवड्याचा भाजीपाला.

जुलै २०२४ ला एकदम मेल. पावणेतीन वर्षांत आपण होऊन पाठवलेला पहिला मेल, आणि तो बिलाचा. रक्कम २६४.९९. ऑर्डर टाकताना स्पष्ट लिहिलं होतं की प्रीऑर्डरची किंमत बदलणार नाही. फोन केला तर म्हणे ते 'शक्यतो' होतं. २० पाउंडांवरून दोन दिवस भांडलो, शेवटी १० वर तडजोड. आईला किंमत रुपयांत सांगायची चूक केली. "अठ्ठावीस हजाराचं खेळणं?" असं म्हणून तिने फोन बाबांना दिला आणि बाबांनी विचारलं, "आवाज कसा आहे?"

आवाज. तर हे मान्य करायलाच पाहिजे. पहिल्यांदा स्टार्ट केलं तेव्हा अंगावर काटा आला. ३७ ला इथे 'ट्रॅक्टर' म्हणतात ते का, ते या छोट्या स्पीकरमधून पण कळतं, ती धडधड छातीत बसते. फॅक्टरीतून आवाज एवढा मोठा लावलेला की शेजारचे आजोबा विचारायला आले. माझ्या इंजिनातल्या डिकोडरला सीव्ही (सेटिंगचा नंबर) ६३ म्हणजे मास्टर व्हॉल्यूम, तो ६० वर आणला की रात्री अकरानंतर पण चालवता येतं. चाल अप्रतिम, सगळ्यात कमी वेगाच्या एका स्टेपवर पण रांगतं, पॉइंटवरून (सांध्यावरून) जाताना दिवा लुकलुकत नाही. सात डबे सहज ओढतं, माझ्या फळीवर आठवा मावतच नाही. रंग, अक्षरं, पिवळं नाक, तक्रार नाही. ब्रेकचे पाइप वगैरे पुडीत देतात, ते लावले तर त्या बाजूचं कपलिंग वळणावर अडतं, म्हणून एका बाजूलाच लावले. इतकं सगळं चांगलं आहे हे एका दमात सांगून टाकतो कारण आता मला पंख्यावर यायचंय.

३७ च्या छतावर एका टोकाला एक मोठा गोल पंखा असतो, रेडिएटर थंड करायला. मॉडेलमध्ये त्याला वेगळी चिमुकली मोटर आहे, फंक्शन दाबलं की जाळीखाली पाती फिरतात. चार फुटांवरून दिसत नाही. बायकोला सहा महिने पत्ताच नव्हता की असं काही आहे. पण मला माहीत होतं ना. मी खुर्ची ओढून वरून बघायचो. पहिले पाच महिने इंजिन चालवण्यापेक्षा स्टेशनात उभं करून पंखा बघणंच जास्त झालं असेल.

डिसेंबरमध्ये तो थांबला. आधी कुरकुरला, मग अडखळला, मग बंद. बाकी सगळं ठीक. सीव्ही ८ मध्ये ८ टाकून रीसेट केलं, इंजिन परत ३ नंबरच्या पत्त्यावर गेलं, पंखा काही जागचा हलला नाही.

दुकानाला लिहिलं. उत्तर: उत्पादकाशी संपर्क साधा. आता इथे सगळ्यांनी लक्ष द्या, कारण बरेच जण इथेच गप्प बसतात. इथल्या २०१५ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे जबाबदारी विकणाऱ्याची, बनवणाऱ्याची नाही, आणि पहिल्या सहा महिन्यांत बिघाड निघाला तर तो मुळातच होता असं धरतात, नव्हता हे दुकानाने दाखवायचं. मी हे दोन वाक्यांत लिहून पाठवलं, नम्रपणे. तीन दिवसांत रिटर्नचं लेबल आलं. नम्रपणाचा नाही, कायद्याचा परिणाम.

मग पाच आठवडे आणि 'दोष आढळला नाही'. फोन करून विचारलं की तपासलं कसं. म्हणाला, आमच्या टेस्ट ट्रॅकवर दोन्ही दिशांना छान धावलं. म्हटलं, डीसीसीवर का (म्हणजे रुळातून डिजिटल हुकूम देणाऱ्या यंत्रणेवर, फंक्शन त्यावरच चालतात)? नाही, साध्या डीसीवर. अहो डीसीवर फंक्शन दाबायचं कुठलं बटण? म्हणजे फ्रिज थंड होत नाही म्हणून दुरुस्तीला दिला आणि त्यांनी दार उघडून दिवा लागतो का ते बघितलं.

(इथपर्यंत मागच्या रविवारी लिहून ठेवलं होतं आणि वर पाचपैकी दोन तारे टाकले होते. आता पुढचं.)

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत रागारागाने थेट उत्पादकाला फोन लावला. अपेक्षा काहीच नव्हती. दुसऱ्या रिंगला माणसाने उचलला. मी सगळं रामायण सुरू करणार तेवढ्यात तो म्हणाला, पंखा का? बॉडी काढा, छताच्या आतल्या बाजूला दोन बारीक पितळी पट्ट्या दिसतील, त्या खालच्या बोर्डाला टेकून पंख्याला करंट देतात, त्यातली एक चेपली असणार, टूथपिकने किंचित वर उचला. एवढंच. संध्याकाळी उचलली. पंखा फिरला. दोन तारे आणि पाच आठवडे, एका टूथपिकवर.

शिवाय न मागता त्याने सुट्टी मोटर पोस्टाने पाठवली, फुकट, आणि चिठ्ठीत लिहिलं की 'हीच लागली तर बसवा, नाही तर ठेवून द्या'. गप्पांत उशिराचा विषय काढलाच मी. तर म्हणाला, पहिल्या सॅम्पलमध्ये पंख्यावरची जाळी चुकीची आली होती, पाती दिसत नव्हती, म्हणून छताचा साचा परत केला, त्यात कारखान्यातला नंबर हुकला. म्हणजे मी ज्या पंख्यासाठी जीव टाकतोय त्याच्याचसाठी थांबलो होतो! हे मला तेव्हा सांगितलं असतं तर मी आनंदाने अजून सहा महिने थांबलो असतो, देवाशपथ.

मी तसं म्हणालो. तर तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, पण आम्ही दर महिन्याला सगळ्या दुकानांना प्रगतीचा मेल पाठवत होतो, फोटोंसकट.

दर महिन्याला. फोटोंसकट. पावणेतीन वर्षं. आणि माझा दुकानदार ते मेल उघडून, किंवा न उघडता, मला लिहीत होता की आम्हाला कळलं की तुम्हाला कळवू. नुसतं फॉरवर्ड दाबायचं होतं हो.

तर तारे बदलतोय. इंजिनाला साडेचार, अर्धा कापला तो पितळी पट्टीसाठी, कारण २५४ पाउंड ९९ पेन्सच्या वस्तूत करंट असा नुसता टेकून नेतात का. दुकानाला तारा देत नाही. ज्यांना हे इंजिन घ्यायचंय त्यांनी घ्या, पण डिपॉझिट न मागणाऱ्या दुकानातून, आणि आल्या आल्या पहिल्या महिन्यातच प्रत्येक फंक्शन डीसीसीवर दाबून बघा, कारण तीस दिवसांच्या आत वस्तू सरळ परत करून पूर्ण पैसे मागता येतात, नंतर दुरुस्तीची वारी लागते. टूथपिक घरात असू द्या.

बाकी अजून एक गंमत आहे. थंडीत सकाळी पहिल्यांदा पंखा चालू केला की मोटर नुसती गुणगुणते, पाती हलत नाहीत. काल हे बायकोच्या समोर झालं. मी परत बॉडी काढायला घेणार तेवढ्यात ती आत गेली आणि कंगवा घेऊन आली. जाळीतून कंगव्याचा शेवटचा दात आत घातला, पातीला हळूच एक ढकला दिला, आणि पंखा सुरू झाला. ठाणे लोकलमध्ये दहा वर्षं हेच करत होते म्हणाली.