रायगडच्या किनाऱ्यावर स्पॅनिश: दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा अनुभव

अलिबाग परिसरातील एका महाविद्यालयात पदवीच्या जोडीने घेता येणारा स्पॅनिश भाषा आणि संस्कृतीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मी यंदा पूर्ण केला. जूनमध्ये प्रवेश घेऊ पाहणारे काही जण त्याबद्दल विचारत आहेत, म्हणून सविस्तर लिहीत आहे. इतके स्वच्छ व्याकरण मला दुसरीकडे शिकायला मिळाले असते असे वाटत नाही. ऐकण्याचा सराव आणि संस्कृतीचा पेपर मात्र त्या शिकवण्याच्या तोडीचे नाहीत.

नेमलेले पाठ्यपुस्तक इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे. आवडनिवड सांगणारी वाक्ये त्यात एक अवघड, उलटे प्रकरण म्हणून येतात, कारण इंग्रजीत ज्याला आवडते तो माणूस कर्ता असतो. आमच्या मॅडमनी तिसऱ्या आठवड्यात पुस्तक मिटून ठेवले आणि फळ्यावर ‘मला मासा आवडतो’ व ‘मला खेकडे आवडतात’ ही दोन वाक्ये लिहिली. त्यांखाली ‘मे गुस्ता एल पेस्कादो’ आणि ‘मे गुस्तान लोस कांग्रेखोस’ लिहिल्यावर आणखी काही समजावून सांगावे लागले नाही. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला राहतो, ही रीत आपल्या तोंडात लहानपणापासून बसलेली आहे. तीच गोष्ट कर्माची. आपण ‘होडी शोधतो’ म्हणतो, पण ‘भावाला शोधतो’ म्हणतो; स्पॅनिशमध्येही होडीला काही लागत नाही आणि भावाच्या आधी ‘आ’ हे अव्यय येते. इंग्रजीच्या वाटेने शिकणाऱ्याला जो नियम पाठ करावा लागतो, तो आम्हाला नुसता ओळखायचा होता. त, द हे उच्चार तर आपलेच आहेत.

जिथे मराठी उपयोगी पडत नाही, तिथे मॅडमनी अधिक वेळ दिला. आपल्या एका ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत. पहिल्या वर्षाच्या एप्रिलमधील शेवटच्या तासाला त्यांनी टेबलावर एक कैरी आणि पिकूनही सालीला हिरवाच राहिलेला एक रायवळ आंबा ठेवला. रायवळ आंब्याला ‘सेर’चे रूप लावून ‘एस बेर्दे’, म्हणजे तो रंगाने हिरवा आहे; कैरीला ‘एस्तार’चे रूप लावून ‘एस्ता बेर्दे’, म्हणजे ती अजून कच्ची आहे. आंबा कापून आम्हाला एकेक फोड मिळाली. त्या दिवसानंतर या दोन क्रियापदांत माझी गल्लत क्वचितच झाली.

ऐकण्याच्या सरावाबद्दल माझी तक्रार मात्र गंभीर आहे. वर्ग पत्र्याच्या छपराखाली भरतो आणि जून ते सप्टेंबर पावसाच्या आवाजात छोट्या स्पीकरवरची ध्वनिफीत ऐकू येत नाही. खोली बदलून द्यावी, असा अर्ज आम्ही दोनदा दिला, पण त्याला उत्तर आले नाही. याचा फटका बाहेरच्या परीक्षेत बसतो. इन्स्टिट्यूटो सेर्वांतेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेच्या ‘डेले’ या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेत वाचन व लेखन हा एक गट आणि श्रवण व संभाषण हा दुसरा गट असतो. प्रत्येकी ५० पैकी किमान ३० गुण दोन्ही गटांत स्वतंत्रपणे मिळवावे लागतात, त्यामुळे लेखनात कितीही चांगले केले तरी ऐकण्यातली उणीव भरून निघत नाही. मी ‘ए-२’ या खालून दुसऱ्या पातळीची परीक्षा दिली, तेव्हा पहिल्या गटात मला ४३ गुण मिळाले आणि दुसऱ्यात ३१. प्रवेश घेणाऱ्यांनी घरी रोज अर्धा तास तरी ऐकण्याचा सराव पहिल्या दिवसापासून ठेवावा.

संस्कृतीच्या पेपरच्या छापील टिपणांत फ्लामेंको नृत्य, बैलझुंज आणि बुन्योल गावची टोमॅटोफेक एवढ्यातच स्पेन संपतो. स्पॅनिश ही २० देशांची अधिकृत भाषा आहे आणि त्यांपैकी १८ देश लॅटिन अमेरिकेत आहेत, पण त्यांना मिळून चार पाने आहेत. आफ्रिकेतील विषुववृत्तीय गिनीचा तर उल्लेखही नाही. स्पेनमध्येच कातालान, बास्क, गालिसियन या भाषा बोलल्या जातात, हेही टिपणांत सापडत नाही.

या पेपरचा एकच तास माझ्या मनात राहिला, आणि तो टिपणांबाहेरचा होता. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात. घरातून गेलेल्या माणसांच्या आवडीचे पदार्थ त्यांच्या तसबिरीपुढे मांडतात आणि भोवती झेंडूची फुले रचतात. मॅडमनी विचारले, तुमच्याकडे पितृपक्षात पान वाढताना आजोबांच्या आवडीचे काय करतात? वर्गातला प्रत्येक जण बोलू लागला. दसऱ्याला आपण दाराला ज्याचे तोरण बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, हे मला त्या दिवशी कळले. बटाटा, टोमॅटो, मिरची, पेरू, चिकू, अननस आणि आपला काजूसुद्धा अमेरिका खंडांतून इकडे आलेले आहेत. कोकणातल्या परसात उभे राहून सुरू करता येईल असा हा पेपर आहे.

त्याहून जवळची एक गोष्ट अभ्यासक्रमाने पूर्णपणे सोडली आहे. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल आणि स्पेन यांचा राजा एकच होता, म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यातील रेवदंड्याच्या किल्ल्यावर तेव्हा स्पेनच्याच राजाचा अंमल होता. रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई लागते, आणि तिथे आजही पोर्तुगीजमधून जन्मलेली ‘नौ लिंग’ ही बोली घराघरांत बोलली जाते. पगार, पाव, चावी, मेस्त्री हे आपले शब्दही पोर्तुगीजांकडून आलेले, आणि स्पॅनिशमध्ये त्यांची भावंडे आहेत: ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, ‘पान’ म्हणजे पाव, ‘यावे’ म्हणजे किल्ली, ‘माएस्त्रो’ म्हणजे गुरू किंवा कसबी कारागीर.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आम्ही पाच जण स्वतःहून एसटीने कोर्लईला गेलो. चर्चजवळच्या एका घरी ओसरीवर बसलेल्या आजींनी आधी मराठीतून चौकशी केली आणि मग आतल्या सुनेला त्यांच्या बोलीत हाक मारून काहीतरी सांगितले. पूर्ण वाक्य आम्हाला कळले नाही, पण पाण्याचा शब्द आमच्यापैकी तिघांनी एकदमच ओळखला, आणि सूनबाई तांब्या-भांडे घेऊन बाहेर आल्या.