आरसेटीचा मोटर वायंडिंग कोर्स: चाळिशीतल्या माणसानं जावं का?

वय पस्तीस-चाळीसच्या घरात आलं, कोरडवाहू शेतीत भागत नाही, अन् आता या वयात काय शिकणार म्हणून जे घरी बसून आहेत त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. मी जिनिंगमध्ये कामाला होतो, कापसाचा सीझन संपला का काम बंद. बायकोच्या बचत गटात उमेदच्या ताईनं आरसेटीची माहिती दिली, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. ही बँकेमार्फत चालते, फी नाही, राहणं-जेवण फुकट. 1982 मध्ये कर्नाटकात उजिरेला रुडसेटी सुरू झाली, तिच्याच धर्तीवर पुढं केंद्र सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यात ह्या संस्था काढल्या. फुकट म्हटलं का लोकांना वाटते टाइमपास असंल, पण रोज हजेरी लागते अन् शेवटी परीक्षा होते.

मी मोटर वायंडिंग घेतलं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं काम, 30 दिवसांचं. काहून घेतलं तं आमच्याकडं हरभरा-गव्हाच्या दिवसात लाइन रात्रीची, व्होल्टेज कमी, त्यात तीनपैकी एक फेज गेला अन् स्टार्टरचा प्रिव्हेंटर, म्हणजे फेज गेला का मोटर बंद करणारा भाग, कोणी बायपास करून ठेवला असला का मोटर जळालीच, मग ती तालुक्याला न्या, तिथं नंबर लावा, तोवर पीक वाळते. म्हणजे गिऱ्हाईक गावातच आहे, शोधायला जायचं काम नाही.

शिकवणं एकदम हातानं. जळालेली मोटर समोर ठेवतात, तार काढायच्या आधी जुन्या कॉइलचे वेढे मोजा, कोणत्या स्लॉटमधून (खाचेतून) कोणत्या स्लॉटमध्ये गेली ते वहीत काढा, मायक्रोमीटरनं तारेचा गेज पाहा, मगच कापा. इथं घाई केली तं पुढचं सगळं चुकते. मग स्लॉटमध्ये कागद, फर्म्यावर कॉइल, भरणं, जोडणी, करंट बाहेर गळत नाही ना हे पाहायच्या मेगर मीटरनं तपासणी, वार्निश मारून सुकवणं. पाण्यात बुडणाऱ्या सबमर्सिबलला तार वेगळी लागते, प्लास्टिकचं आवरण असलेली, हे मला तिथंच समजलं. सोबतचे पोट्टे विशीतले, त्यांचा हात चपळ, पण शेतकरी काय बोलते, उधारी कशी मागते, हे आपल्याला जास्त कळते, अन् सर ते बोलून दाखवायचे, म्हणून वयाचा संकोच लवकरच गेला.

मला सगळ्यात जास्त आवडला तो धंद्याचा भाग. रिंग फेकायचा खेळ असते, खुंटीपासून किती लांब उभं राहायचं ते आपणच ठरवायचं, लांबून टाकली तं मार्क जास्त. कोणी एकदम जवळ उभं राहते, कोणी उगाच लांब जाते, अन् मग सर विचारतात का धंद्यात पैसा लावताना तू कुठं उभा राहशील? घरात लेकरं शिकत असलेल्या माणसाला हा प्रश्न लई आतपर्यंत लागते. नंतर बाजारात पाठवतात, तांब्याची तार काय भावानं मिळते, भराईचे किती घेतात, हे विचारून हिशोब मांडायचा.

कोर्सनंतर 2 वर्षं ते पाठपुरावा करतात, अन् हे खरंच होते. मी मुद्राच्या शिशु गटात अर्ज टाकला, त्यात 50 हजारांपर्यंत तारण लागत नाही, तरी एका शाखेत मला तारण मागितलं. संस्थेच्या सरांना फोन केला, ते स्वतः बोलले तवा फाइल पुढं सरकली. एकट्यानं हे जमलं नसतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, 30 दिवसांत हात बसत नाही. सबमर्सिबलला तं वेळ कमीच पडते. लगेच दुकानाचा बोर्ड लावू नका, एखादा सीझन जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली काढा, पैसे कमी मिळाले तरी चालते. अन् महिनाभर घर सोडून राहायचं तं शेताचं, ढोरांचं कोण पाहील हे आधी घरी बोलून ठरवा, माझ्याकडं बायकोनं अन् भावानं सांभाळलं म्हणूनच जमलं.

पाचपैकी साडेचार देतो. जायचं असंल तं वयाची अट अन् कागदपत्रं फोनवर विचारून घ्या, आधार अन् रेशन कार्ड जवळ ठेवा, अन् वर्षाचं बॅचचं वेळापत्रक मागा. उन्हाळ्यातली बॅच मिळाली तं बेस्ट, पेरणीच्या आधी मोकळे होता अन् रब्बीत मोटरा जळायला लागेपर्यंत मिस्त्रीकडं हात बसवायला वेळ भेटते.