महाभारतावरची व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळा: सकाळ सोडा, दुपार चुकवू नका

फी अडीच हजार. त्यात दोनदा चहा, जेवण आणि एक चकचकीत वही. सदाशिव पेठेतला एसी हॉल, निम्मी माणसं आयटीतली, निम्मी निवृत्त. संस्थेचं नाव लिहीत नाही. सकाळच्या सत्राबद्दल वाचून त्या पोराची नोकरी जायला नको.

पोरगा म्हणजे ट्रेनर. चुणचुणीत, पण सगळा भर स्लाइडवर. अर्जुन म्हणजे फोकस, भीष्म म्हणजे कमिटमेंट, कर्ण म्हणजे लॉयल्टी. पोपटाचा डोळा आलाच. अर्जुनाचा पहिला नंबर टिकावा म्हणून द्रोणांनी एकलव्याचा अंगठा मागितला, ते मात्र कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. मग ‘जिभेवर ताबा’: मयसभेत द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणाली आणि पुढचं सगळं रामायण घडलं. (रामायण हा त्याचाच शब्द.) मागच्या रांगेतून एका आजोबांचा हात वर. “हे वाक्य भांडारकरच्या प्रतीत कुठे आहे? अध्याय सांगा.” पुण्यात महाभारतावर कार्यक्रम करायचा तर एवढी जोखीम असतेच. १९१९ ते १९६६ पोथ्या ताडून भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती इथेच, आणि त्या आवृत्तीत हे वाक्य नाही. पोरगा “नोटेड, सर” म्हणाला आणि पुढची स्लाइड लावली.

दुपारी संस्कृतच्या एक निवृत्त प्राध्यापिका आल्या. ना स्लाइड, ना माइक. विषय फक्त विराटपर्व, म्हणजे पांडवांनी विराट राजाकडे वेश बदलून काढलेलं अज्ञातवासाचं वर्ष.

मी चाकणला क्वालिटीत आहे. पुनर्रचना झाली आणि मी शिकवलेला मुलगा माझा साहेब झाला. त्यामुळे अज्ञातवास हा शब्द आला तसा मी खुर्चीत सरळ झालो. बाईंनी सुरुवात शस्त्रांपासून केली. शमीच्या झाडावर शस्त्रं बांधली हे दसऱ्यामुळे सगळ्यांना ठाऊक. पण जवळ कुणी फिरकू नये म्हणून पांडवांनी तिथे एक प्रेतही टांगलं आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, ही आमची १८० वर्षांची आई, आमच्या कुळाची रीतच आहे ही. हॉलमध्ये हशा. मग एकेकाची नोकरी: भीम मुदपाकखान्यात बल्लव, नकुल घोड्यांकडे, सहदेव गुरांकडे, द्रौपदी सैरंध्री, आणि अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नाच शिकवतोय. बाई म्हणाल्या, “ही कामं त्यांना येत होती, ते पाट्या टाकत नव्हते.” हे मी वहीत लिहून घेतलं.

उत्तराचा प्रसंग तर त्यांनी उभाच केला. बायकांत बसून फुशारक्या मारणारा राजपुत्र कौरवांची सेना दिसताच रथातून उडी टाकून पळतो. बृहन्नडा वेणी उडवत मागे धावते, कौरवांचे सैनिक खो-खो हसतात. उत्तर मोहरांची लाच देऊ करतो. अर्जुन त्याला उपदेश करत बसत नाही. लढायला जमत नसेल तर घोडे हाक म्हणतो आणि स्वतः धनुष्य घेतो. नवशिक्याला झेपेल तेवढंच काम द्यायचं, पण मैदान सोडू द्यायचं नाही. आमच्या लाइनवर हे कुणी करताना मी क्वचित पाहिलंय.

एकाने विचारलं, “मग उत्तर पुढे मोठा वीर झाला का?” बाई म्हणाल्या, “युद्धाच्या पहिल्याच दिवशी शल्याच्या हातून मेला.” जरा थांबून, “पळताना नाही.”

इकडे विराट मुलाच्या विजयाने फुगलेला. कंक झालेला युधिष्ठिर मात्र बृहन्नडेचंच नाव घेतोय. राजा चिडून फासा फेकतो, नाकातून रक्त येतं. ते जमिनीवर पडायच्या आत युधिष्ठिर ओंजळीत धरतो, द्रौपदी पाण्याचं सोन्याचं पात्र पुढे करते. आणि तो द्वारपालाच्या कानात सांगतो, उत्तराला एकट्यालाच आत सोड. कारण हे रक्त अर्जुनाने पाहिलं तर राजा जिवंत राहायचा नाही. मार खाल्लेला माणूस मारणाऱ्याला वाचवतोय. मला अजून हे पूर्ण पटलेलं नाही. साहेबाने माझ्यावर काही फेकलं तर मी काय करीन, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाचपैकी साडेतीन. दुपारची वेगळी, कमी फी ठेवा, असं अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहून आलोय. तुम्ही जाणार असाल तर एक वाजता पोहोचा. मसालेभात गार असतो, मठ्ठा उत्तम.