रत्नागिरीत सायकल: आरे-वारे, पावस की गावातला फेरा?

सायकल घेऊन रत्नागिरीला यायचं ठरलं की प्रश्न दोनच रस्त्यांचा येतो, उत्तरेला आरे-वाऱ्यावरून गणपतीपुळ्याचा की दक्षिणेला पावसचा. गावातला किल्ला-मांडवी-थिबा राजवाडा हा फेरा फारसा कुणी धरतच नाही. तो संध्याकाळी उरलेल्या वेळात उरकायचा, असाच समज. माझं मत आधी सांगून टाकतो. एकच सकाळ हाताशी असेल आणि पाय तयार असतील तर आरे-वारे. बरोबर मुलं असतील, नाहीतर बिनगियरची सायकल असेल, तर गाव आणि लगतचा भाट्ये किनारा. ज्याला गर्दी नको आणि उन्हाचं फारसं काही वाटत नाही, त्याने पावस धरावं.

उत्तरेचा रस्ता

शिरगाव, साखरतर, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे असं करत गणपतीपुळं साधारण २५ किलोमीटर पडतं. महामार्गावरून निवळी फाट्याने जाणारा रस्ता वेगळा आणि लांबचा. तो गाडीवाल्यांना लखलाभ, त्यावर समुद्राचं दर्शन जवळजवळ नाहीच.

किनारी रस्त्याची मेख वेगळीच आहे. आपण डाव्या बाजूने चालवतो आणि उत्तरेला जाताना समुद्रही डाव्याच हाताला असतो. म्हणजे जातानाचा अख्खा प्रवास पाण्याच्या बाजूने, मधे समोरून येणारी गाडी नाही. शिवाय डोंगर पूर्वेला, त्यामुळे सकाळचं ऊन त्याच्या आड राहतं. साडेसहाला निघालात तर आरे-वाऱ्याची घाटी बरीचशी सावलीत चढता येते. हीच घाटी अकरा वाजता चढणाऱ्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

शिरगावला मत्स्य महाविद्यालय लागतं, पुढे साखरतरचा पूल, आणि काळबादेवीत माडांमधून, घरांच्या अंगणांना खेटून रस्ता जातो. इथे घाई करू नये. खरी परीक्षा पुढे. आरे आणि वारे या दोन पुळणींच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांच्या, मधे खाडी आणि डोंगर आहे, आणि रस्ता त्या डोंगराच्या कडेने वर चढतो. चढ लांब नाही, पण छातीवर येणारा आहे. एका अंगाला कापलेला जांभा, दुसऱ्या अंगाला कठड्यापलीकडे थेट पाणी. वळणावर जांभ्याची बारीक लाल खडी पसरलेली असते, आणि सायकल घसरते ती नेमकी तिथेच, उतरताना. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, सरळ रस्त्यावरच वेग कमी करून मग वळायचं. वर थांबायला जागा आहे. फोटो काढायचे तर तिथे काढा, वळणात सायकल आडवी लावून नको.

खाली पुळणीवर उतरलात तरी पोहायला जाऊ नका. किनारा दिसायला शांत असला तरी इथे माणसं बुडाली आहेत.

वाऱ्याचा हिशोबही याच रस्त्याच्या बाजूने पडतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, अगदी हलका. दुपारनंतर खारा वारा सुटतो, आणि हिवाळा-उन्हाळ्यात तो बहुतेक वायव्येकडून येतो. म्हणजे गणपतीपुळ्याहून परतताना तो पाठीशी असतो. दमलेल्या पायांना हे फुकटचं इंजिनच म्हणायचं.

गणपतीपुळ्याला देऊळ पश्चिमाभिमुख, समोर पुळण, आणि डोंगराभोवती प्रदक्षिणेची वाट. ती पायीच करायची. सायकल कुलूप लावून ठेवा. पुढे दीड-दोन किलोमीटरवर मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. त्यांचं स्मारक तिथे आहे आणि देवळाच्या मानाने अगदी निवांत असतं. बहुतेक सायकलवाले मोदक खाऊन पुळ्यालाच मागे वळतात, हे काही मला पटत नाही. एवढं पायडल मारून आलात तर मालगुंड सोडायचं नाही.

आता उणी बाजू. शनिवार-रविवार, संकष्टी, त्यातून अंगारकी असेल तर या रस्त्यावर सायकल आणू नये. अरुंद घाटीत पर्यटकांच्या मोठ्या गाड्या मागे येऊन हॉर्न वाजवत बसतात. मंगळवार ते गुरुवार सगळ्यात बरं, मात्र मंगळवारी अंगारकी नाही ना, हे पंचांगात बघून घ्या.

दक्षिणेचा रस्ता

भाट्ये, फणसोप, कोळंबे, गोळप, पावस. अंतर वीस किलोमीटरच्या आतबाहेर. सुरुवात इतकी सोपी की माणूस फसतो. काजळी नदीच्या मुखावरचा पूल, डावीकडे खाडी, उजवीकडे बंदराचं तोंड, मग सुरूचं बन आणि दीडेक किलोमीटरची सपाट पुळण. रस्त्याला लागूनच नारळ संशोधन केंद्राची बाग. किनाऱ्याच्या टोकाला झरी विनायकाचं देऊळ, आणि तिथून पुढे रस्ता सड्यावर चढतो.

सडा म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्यांना आधी सांगायला हवं. वर जांभ्याचं पठार, कातळ, मधे मधे आंब्याच्या बागा आणि गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं. सावली बागेत असते, रस्त्यावर नसते. समुद्र इथे दिसतो तो लांबून आणि अधूनमधून, शिवाय जाताना उजव्या हाताला, म्हणजे रस्त्यापलीकडे. सकाळचं ऊन डाव्या गालावर. दुपारी परतताना तोच वायव्येचा वारा समोरून. कागदावर उत्तरेपेक्षा सोपा वाटणारा हा रस्ता परतीच्या तासात जास्त थकवतो तो यामुळेच.

मग पावसला का जायचं? गाड्या कमी, हे एक. दुसरं म्हणजे पावसचं वातावरण. स्वामी स्वरूपानंद १९७४ साली तिथे समाधिस्थ झाले. समाधी मंदिराचा परिसर स्वच्छ आणि बोलणं आपोआप हळू होईल असा. दुपारी खिचडीचा प्रसाद असतो, आणि घाम गाळून आलेल्या माणसाला गरम खिचडी कशी लागते ते वेगळं सांगायला नको. फक्त घामट जर्सी आणि तंग चड्डीवर एक साधी पँट चढवून मगच आत जावं, तेवढं भान असू द्या.

पाय उरले असतील तर पुढे गणेशगुळे. ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’ असं इकडे म्हणतात, आणि त्याच्या मागोमाग गर्दीही तिकडे गेली असावी, कारण गुळ्याची पुळण आठवड्याच्या मधल्या दिवशी जवळजवळ रिकामी असते. किनाऱ्यावर उतरणारा रस्ता मजेचा, पण तोच परत चढायचा आहे हे उतरतानाच लक्षात ठेवा.

पावसच्या पुढे पूर्णगडचा किल्लाही खुणावतो. एका दिवसात गणेशगुळे आणि पूर्णगड दोन्ही करायचं तर आदल्या रात्री मुक्काम पावसलाच ठेवलेला बरा.

गावातला फेरा

हा भाट्ये धरूनही वीसेक किलोमीटरच्या आत बसतो, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे. सुरुवात मिरकरवाड्यापासून करा, तीही लवकर. बंदरात होड्या लागलेल्या असतात, लिलावाची आरडाओरड, बर्फाचे गाडे, टोपल्या. मासळीच्या गाड्यांतून पाणी गळून रस्ता तेलकट झालेला असतो. तेवढ्या पट्ट्यात सायकल हातात धरून चालणं शहाणपणाचं.

तिथून किल्ला. रत्नदुर्गाला तीन बाजूंनी समुद्र आहे आणि वर भगवतीच्या देवळाच्या जवळपर्यंत डांबरी रस्ता जातो. चढ दम काढणारा, पण थोडक्यात संपतो. मुलांनी ढकलत नेली तरी बिघडत नाही. तटावरून एकीकडे बंदर, दुसरीकडे उघडा समुद्र. पायथ्याशी भागेश्वराचं देऊळ आहे, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं. याच कीरांच्या पैशातून १९३१ साली गावात पतितपावन मंदिर उभं राहिलं. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि हे देऊळ सर्व जातींना खुलं असावं हा त्यांचा आग्रह. किल्ल्यावरून उतरून पांढरा समुद्र, मांडवीची काळी वाळू, मग पतितपावन, मग टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान अशी ओळ लावली तर शेवटी राहतो थिबा राजवाडा.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. त्याला ब्रिटिशांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवून इकडे आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. लाल जांभ्याची, उतरत्या छपरांची ती इमारत दहाच्या सुमारास उघडते, म्हणून ती शेवटी. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि पूल एका नजरेत येतात. दक्षिणेला जावं की नाही याचा निर्णय तिथे उभं राहून घेतला तरी चालेल.

या फेऱ्यात चढउतार भरपूर, पण प्रत्येक छोटा. वाटेत पाणी, चहा, पंक्चरवाला, सगळं मिळतं. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रस्त्यावर जादा ट्यूब, पंप आणि पाना स्वतःजवळ हवाच.

यायचं कधी आणि कसं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ तिन्ही रस्त्यांना चांगला. मार्चपासून दमटपणा वाढतो आणि सड्यावरचा पावसचा रस्ता पहिला बाद होतो. एप्रिल-मेमध्ये हापूससाठी येणार असाल तर गावातला फेरा, राजवाडा बाहेरूनच बघून, सकाळी साडेआठपर्यंत संपवा आणि बाकी दिवस आंब्यावर घाला.

भाड्याच्या सायकलीच्या भरवशावर येऊ नका, स्वतःचीच आणा. कोकण रेल्वेने येताना ती पार्सलमध्ये बुक होते. स्टेशन गावापासून काही किलोमीटर आत, सड्यावर आहे. गावात येताना बहुतेक उतारच लागतो, पण परतीच्या गाडीला जाताना तो चढ सामानासकट चढायचा असतो, तेव्हा अर्धा तास जादा धरा. किनाऱ्यावर फिरवलेली सायकल त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल घालायचं, नाहीतर खाऱ्या हवेने दोन दिवसांत चेन तांबूस दिसायला लागते.

जून ते सप्टेंबरमध्ये यायचा मोह होतोच, हिरवळ तशी असते. तेव्हा आरे-वाऱ्याच्या घाटीत शेवाळ, दरडीची माती आणि आडवा वारा असतो, सड्यावर वीज पडण्याची भीती. पावसाची उघडीप बघून किल्ला आणि भाट्याचा पूल करावा, बाकी दोन रस्ते दिवाळीनंतर.