शिडाच्या बोटीवरचा रेडिओ आणि हवामानाची साधनं: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी बोटीवरची रेडिओची आणि हवामानाची सगळी साधनं नव्याने घेतली. घेण्याआधी तीन आठवडे मी फक्त पेट्यांची, म्हणजे रेडिओ आणि यंत्रांची, तुलना करत होतो. आज कोणी विचारलं तर आधी केबलबद्दल बोलेन, मग अँटेनाबद्दल, मग विजेबद्दल, आणि पेटी कुठली घ्यावी ते सगळ्यात शेवटी.

बोट अकरा मीटरची, डोलकाठीचं टोक पाण्यापासून १६ मीटरवर, आणि टोकावर व्हीएचएफचा, म्हणजे बोटींनी जवळपास बोलायच्या रेडिओचा, अँटेना. व्हीएचएफ साधारण सरळ रेषेत जातं, त्यामुळे पल्ला उंचीवर ठरतो. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, त्याला सव्वादोनने गुणायचं, की सागरी मैलांत क्षितिज मिळतं. माझं नऊ. समोरच्या जहाजाचा अँटेना २५ मीटरवर असेल तर त्याचं अकरा. म्हणजे आमचं बोलणं वीस मैलांपर्यंत व्हायला हवं. तेच कॉकपिटमधून हातातल्या रेडिओवर बोललो, तर माझ्या बाजूचे जेमतेम तीन मैल.

पहिले तीन महिने हे गणित बरोबर जुळलं. माझ्या व्हीएचएफमध्ये एआयएस, म्हणजे जहाजं आपली ओळख आणि जागा आपोआप सांगतात ते संदेश, ऐकण्याची सोय आहे आणि ती डोलकाठीवरचाच अँटेना वापरते. पडद्यावर मोठी जहाजं अठरा-वीस मैलांवरून दिसायची. चौथ्या महिन्यात ती सहा मैलांवर आल्यावर दिसू लागली. मला वाटलं, रहदारीच कमी असेल. मग एका दुपारी आठ मैलांवरच्या ओळखीच्या बोटीला हाक मारली, तर माझं बोलणं तुटक ऐकू येतंय म्हणून त्यांनी तीनदा परत विचारलं.

डोलकाठीच्या पायथ्याशी केबलची जोडणी आहे. ती सोडवली. आतली तांब्याची जाळी पार हिरवी पडली होती आणि मधल्या पांढऱ्या थरावर पाण्याचा एक थेंब बसला होता. ही जोडणी पैसे देऊन करून घेतली होती आणि वरची पट्टी नीट चिकटवलेलीच नव्हती, याचा मला अजून राग येतो. केबल हिरवट भागाच्या पुढे कापली, नवी जोडणी केली, त्यावर आपोआप चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळली. त्याच संध्याकाळी एकोणीस मैलांवरचं जहाज पडद्यावर आलं. तेव्हापासून रोज सर्वांत दूरचं एआयएस किती मैलांवर दिसलं ते वहीत लिहितो. अँटेनाची तब्येत पाहायला यापेक्षा सोपा उपाय मला सापडलेला नाही.

केबलची जाडीसुद्धा तितकीच महत्त्वाची. बारीक आरजी-५८ केबल वीस मीटर ओढली तर रेडिओतून निघालेल्या २५ वॉटपैकी सुमारे दहाच वर पोचतात. जाड आरजी-२१३ घेतली तर सतराच्या आसपास. डोलकाठीवर वजन वाढतं हे खरं, पण ते मी आनंदाने वाहीन.

डीएससी, म्हणजे बटण दाबून आपोआप हाक पाठवायची रेडिओतली सोय, तिच्याबद्दल थोडक्यात. लाल बटण काही सेकंद दाबून धरलं की चॅनल ७० वरून संकटाची हाक जाते, सोबत नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, आणि जीपीएसची जागा. जीपीएस जोडलेलं नसेल तर जागा आपोआप जात नाही. माझी तार उलटी जोडली गेली होती आणि दोन आठवडे ते लक्षात आलं नाही. रेडिओच्या पडद्यावर अक्षांश-रेखांश दिसतात का, तेवढं पाहिलं तरी पुरतं.

आता हवामान. माझा सगळ्यात मोठा विश्वास नॅव्हटेक्सवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या केंद्रांकडून येणाऱ्या लेखी इशाऱ्यांवर, बसला. ५१८ किलोहर्ट्झवर इंग्रजीतून संदेश येतात. प्रत्येक केंद्राला दर चार तासांनी दहा मिनिटं मिळतात आणि पल्ला सहज अडीचशे मैलांपर्यंत जातो. काही मागावं लागत नाही, वर्गणी नाही. यंत्र चालू ठेवलं की झोपेतही संदेश जमा होत राहतात. वादळाचे इशारे बंद करायची सोयच त्यात नाही, आणि ते योग्यच आहे.

उपग्रहाच्या उपकरणावरून ग्रिब फाइली, म्हणजे संगणकाने काढलेला वाऱ्याचा अंदाज, घेतो. त्यामागचं जीएफएस हे अंदाजाचं मॉडेल दिवसातून चारदा, ००, ०६, १२ आणि १८ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ) चालतं. पडद्यावर बाण इतके नीटनेटके दिसतात की माणूस त्यांच्यावर सहज विसंबतो. पण त्याची बारीकातली बारीक जाळी पाव अंशाची, म्हणजे पंधरा मैलांची. त्याहून लहान गडगडाटी ढगाचा झोत तिच्यात मावत नाही. शिवाय थंड आणि उष्ण हवेच्या सीमा ग्रिबमध्ये आखलेल्या नसतात, त्या हवामानतज्ज्ञाने काढलेल्या नकाशात असतात. म्हणून वेदरफॅक्ससाठी, म्हणजे रेडिओवरून येणाऱ्या अशा नकाशांसाठी, शॉर्टवेव्हचा साधा रिसीव्हर ठेवला आहे. जर्मन हवामान खात्याचं पिन्नेबर्ग केंद्र ७८८० किलोहर्ट्झवर नकाशे पाठवतं. वरच्या साइडबँडवर (रिसीव्हरची ऐकण्याची एक पद्धत) ऐकताना १.९ किलोहर्ट्झ खाली, म्हणजे ७८७८.१ वर लावावं लागतं. मिनिटाला १२० ओळी या गतीने समभार रेषा उमटताना बघत बसायला मला अजूनही आवडतं.

पण सुरुवातीला नकाशाऐवजी काळे पट्टेच यायचे. दिवसा खरखर आणि रात्री स्वच्छ, यावरून चोर सापडला: सौर पॅनेलचा चार्ज कंट्रोलर. पॅनेलवर चादर टाकली आणि आवाज जागच्या जागी थांबला. तारांवर फेराइटची (असा गोंगाट शोषणारी) कडी चढवली, कंट्रोलर रिसीव्हरपासून दूर नेला. नॅव्हटेक्सचे अर्धवट संदेशही त्यानंतर पूर्ण येऊ लागले. एलईडी दिव्यांचंही तसंच. डोलकाठीच्या टोकावरचा हलका एलईडी व्हीएचएफ आणि एआयएस दोन्ही बधिर करू शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये त्यावर जाहीर इशाराच काढला होता. रात्री नांगरावर असताना दिवा लावून आणि बंद करून एकदा ऐकून बघाच.

बॅरोमीटर मात्र कशालाच हार जात नाही. सहाव्या महिन्यातली एक पहाट आठवते. ग्रिबमध्ये १८ नॉट वारा, निघायची सगळी तयारी झालेली. वहीत पाहिलं तर हवेचा भार तीन तासांत १००९ वरून १००४ हेक्टोपास्कल. नॅव्हटेक्सचा इशारा तासाभराने आला. नांगर उचलला नाही. दुपारी ३५ नॉटचा वारा सुटला आणि साखळी ताठ झाली. उष्ण कटिबंधात एवढं लक्षात ठेवायचं की भार दिवसातून दोनदा आपोआप चढउतार करतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, दुपारी आणि पहाटे चारच्या सुमारास खाली. दोन-तीन हेक्टोपास्कल खाली आले म्हणून घाबरायचं नाही. पाच आले तर थांबायचं.

एसएसबीचा, म्हणजे दूरच्या पल्ल्याच्या शॉर्टवेव्ह रेडिओचा, प्रेषक मी घेतला नाही. डोलकाठीच्या मागच्या आधाराच्या तारेला इन्सुलेटर, अँटेना ट्यूनर, चांगली अर्थिंग, बोलताना वीस अँपिअरच्या वर ओढ: किनाऱ्यापासून दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला हे मला जास्त वाटतं. महासागर ओलांडायचा असता तर उपग्रहाच्या सोबत तो घेतलाच असता, कारण त्यावर कितीतरी बोटी एकाच वेळी ऐकतात.

पुढच्या महिन्यात डोलकाठी उतरवायची आहे. जुनी केबल काढून आरजी-२१३ टाकेन. सोबत मागच्या कठड्यावर एक छोटा जादा अँटेना, हातातल्या रेडिओला जोडता येईल अशा अॅडॉप्टरसह. डोलकाठी मोडली तर वरचा अँटेना तिच्याबरोबरच जातो.